जावक क्रमांक एकवीस

प्रति, मा. व्यवस्थापक.
विषयाखाली दोन रेघा, पट्टी धरून.
मी नववी नापास, पण अक्षर बरं,
म्हणून मिरकरवाड्याच्या कोळंबी सोलणाऱ्या बायांनी
मला चिटणीस केलं.

महोदय लिहिताना पेन अडतं.
याच माणसाने शेवंती भाटकरचा
अर्धा रोज कापला, दोनदा लघवीला गेली म्हणून.
हाजरा म्हणते, लिही गो.
शिवी दिलीस तर वाऱ्यावर जाते,
महोदय लिहिलंस की त्याला पोच द्यावी लागते.

आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला कामगार
आपणांस कळवू इच्छितो की...
इच्छितो.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काही इच्छिलं,
तेही कार्बन लावून, तीन प्रतींत.

त्रेचाळीस नावं. अकरा सह्या,
बत्तीस निळे अंगठे.

आठवड्याने पत्र परत.
लाल शाईत शेरा : अंगठे अस्पष्ट. ओळख पटत नाही.

पटेल कशी.
पहाटे चारपासून बर्फात बोटं,
कोळंबीच्या डोक्याचा काटा नखाखाली,
रेघा केव्हाच वाहून गेल्या मोरीतून खाडीत.
रेशनचं मशीनही म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
नलिनी मयेकर हसली :
खून केला तरी गावायची नाय मी.

तिसऱ्या प्रतीचं काय करायचं ठाऊक नव्हतं.
पत्राच्या तळाशी "प्रत माहितीसाठी" असं काहीतरी असतं,
तेवढं माहीत.
म्हणून तिच्यावर तो शेरा तसाच उतरवला
आणि पाठवली वेंगुर्ल्याला,
एका सभेत शेजारी बसलेल्या सत्यभामा रेडकरच्या पत्त्यावर.
ती काजू फोडते. तिने मला बसायला पदर पसरून दिला होता.

बाराव्या दिवशी पाकीट आलं.
संदर्भ : आपले जावक क्रमांक एकवीस.
आमचा क्रमांक कुणीतरी दुसऱ्या गावात लिहिला होता,
वळणदार, न चुकता.
सप्रेम नमस्कार. आपल्या लढ्यास जाहीर पाठिंबा.
सदर शेऱ्याचा आम्ही तीव्र निषेध करतो.
एवढंच. चार ओळी.
आणि खाली साठ अंगठे,
पिकली करवंदं कागदावर चेपल्यासारखे.
काजूच्या चिकाने जळलेले.
रेघ एकातही नाही.

हाजराने कागद खिडकीशी धरला.
कुणी बोललं नाही.
बर्फाची गाडी आली, भोंगा वाजला,
तरी कुणी उठलं नाही.

आवक वही आम्ही हौसेने घेतली होती.
तिचं पहिलं पान त्या दिवशी भरलं.

मग पुन्हा पट्टी, पुन्हा दोन रेघा.
महोदय,
संदर्भ : आपला लाल शाईतील शेरा.
सोबत : अंगठे ब्याण्णव, सर्व अस्पष्ट.
कृपया पोच मिळावी.

आम्ही सगळ्याच गेलो द्यायला,
ॲप्रनसकट, वासासकट.
केबिनचा पंखा फिरत होता. त्याने
मान वर न करता पोचेवर सही ठोकली.

ती वही अजून आहे माझ्याकडे.
ती सही कुणाची,
आजवर एकीलाही वाचता आलेली नाही.