हलका धान, भारी धान

मांडीला छिद्र पाडलं तेव्हा मी पंख्याची पाती मोजत होते:
तीन, त्यातलं एक वाकलेलं.
डॉक्टर डांगे म्हणाल्या, झालं.
लाखोळीच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा
थंड वाफेच्या डब्यातून नागपूरला गेला
आणि मी एसटीनं सिंदेवाहीला.

आई म्हणाली, कायले देल्लीस वो तुकडा?
शिकायसाठी नेतात, म्हटलं.
मंग माज्या मांडीचा नेवाले सांग,
इथं चाळीस वरसाची रोवनी हाये.

वनरक्षकाची धाव तीन किलोमीटर.
पहाटे साडेचारला नहराच्या रस्त्यावर
मी आणि पपिता शेंडे,
मागे फटफटीचा दिवा लावून तिचा भाऊ,
वाघासाठी.
असे बारा आठवडे.

मग दुसरा तुकडा, त्याच मांडीचा, बोटभर वर.
या वेळी डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं:
रंग दिलेल्या तंतूंचे आडवे काप,
गडद, फिक्के, गडद, गडद, फिक्के,
एकमेकांना खेटून, रांग अशी कुठलीच नाही.
मला आमची बांधी दिसली,
बाबांच्या हातून बियाणं मिसळलं त्या वर्षीची.
एकाच चिखलात हलका धान नि भारी धान.
एक दिवाळीआधीच पिवळा,
दुसरा हिरवागार, कशाचीच घाई नसलेला.

हलका म्हणजे झटक्याचा,
कुत्रं मागे लागल्यावरचा, लवकर दमणारा.
भारी लाल, संथ, रक्ताशी घरोबा ठेवणारा,
उभं राहण्याचा, वाकून राहण्याचा.
दोघांच्या पोटात पोथी एकच, म्हणाल्या,
उघडी पानं तेवढी वेगळी.

तंतूच्या कडेकडेनं केंद्रकं बसली होती
दुपारी धुऱ्यावर शिदोरी सोडून बसलेल्या बायांसारखी.
माझी धाव त्यांच्यापर्यंत पोचते म्हणे.
घाम वाळून तास-दोन तास होतात न होतात
तोच पानं उलटतात, निरोप लिहिले जातात:
भट्ट्या वाढवा, रक्ताच्या वाटा वाढवा.
आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक निरोप पुसलेले,
शाळेच्या फळ्यासारखे.
म्हणून उद्या पुन्हा धावायचं.
हे मला माहीत होतं, पायांना तर होतंच,
तरी ऐकून घसा दाटला, का कोण जाणे.

विचारलं, माझा भारी धान वाढला असेल?
तो जवळपास होता तसाच, त्याचं शिक्षण आधीच झालेलं.
जास्त बदलला तो हलका.
हलकाच राहिला, पण दमायचं थोडं विसरला.
काही पानं मात्र एकात उघडली तीच दुसऱ्यात मिटली.
का?
डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला.
अजून कळलं नाही, म्हणाल्या. मला त्या तेव्हा आवडल्या.

भरतीत मी एकोणीस सेकंदांनी राहिले.
पपिता लागली. तिच्या मांडीचा तुकडा कोणी नेला नव्हता.

रात्री आईच्या पोटरीला तेल चोळताना
बोटांखाली दोरखंड लागला, ओला, पीळ न सुटलेला.
माजी कोनती पानं उघडली असतीन वो?
मी सांगायला गेले तर ती झोपली होती.
दिवसभर बांधीत वाकलेली बाई,
झोपेतही तिच्या टाचा चिखलातून पाय काढत होत्या.

साडेचारला भिंतीवर फटफटीचा दिवा हलला.
पपिता नव्हती. तिचा भाऊ एकटाच आला होता.