सहा पूर्णांक दोन

तुसाच्या राखेची गोणी
देवाजी कोरेटी राइस मिलमधून सायकलवर आणतो.
सिंदेवाहीच्या कॉलेजला राख कशाला लागते,
मिलवाल्याला अजून कळलेलं नाही.
"भांडे घासाले," देवाजी सांगून मोकळा होतो.

काळी राख भट्टीत पुन्हा जाळली की पांढरी होते,
कॉस्टिकमध्ये विरघळते,
ॲल्युमिनेट ओतताना थबकते, घट्ट होत जाते
खरवसासारखी.
मग हात लावायचा नाही, एक दिवस, एक रात्र.
मग टेफ्लॉनचा डबा, ओव्हन, शंभर अंश.
आत काय चाललंय ते विचारायची सोय नाही.

पहिल्यांदा मी नागभीडला लग्नात अडकले,
डबा दीड दिवस जास्त शिजला.
नागपूरहून आलेल्या आलेखात
सहा पूर्णांक दोनला शिखर नव्हतं.
होतं ते बारा पूर्णांक पाचला:
दुसराच कुणी, अरुंद दारांचा,
आमच्या राखेत घर करून बसलेला.
तोही स्फटिकच. देखणा. बिनकामाचा.

दुसऱ्यांदा मी ओव्हनपाशीच खुर्ची टाकली.
लाइट दोनदा गेली, मी मिनिटं वहीत लिहिली.
शिखर आलं,
दाभणासारखं, नेमक्या जागी.

पण सोडियम आत ठाण मांडून आहे तोवर
हा दगड गरीबच.
अमोनियाच्या मिठात तीनदा धुतला,
पाचशे अंशांवर चढवला.
देवाजीनं नाकाला दुपट्टा लावला:
"मॅडम, गोठ्यावानी वास येऊन रायला जी."
येणारच.
अमोनिया निघालाय, आणि निघताना
एकेक प्रोटॉन मागे ठेवतोय
चार हातांच्या सिलिकॉनांमध्ये
जिथे जिथे तीन हातांचा ॲल्युमिनियम उभा आहे तिथे.

आम्ल म्हणतात ते एवढंच.
चिमटीत धरा, बोट भाजत नाही.
पायरिडिन सोडलं तेव्हाच
पंधराशे पंचेचाळीसला एक टेकाड उठलं.

शेवटी फ्लास्क: ॲसेटिक आम्ल, आयसोअमाइल अल्कोहोल,
अर्धा ग्रॅम पूड.
दोन तासांनी व्हरांड्यातून
सेकंड इयरची पल्लवी गहाणे डोकावली:
"केळं कोन खाऊन रायलं?"
डिसेंबरची दुपार, कॉलेजात केळं कुणाकडेच नव्हतं.

गाळलं, धुतलं, वाळवलं.
पूड होती तशीच,
आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याची.
वजन भरलं शून्य पूर्णांक सत्तेचाळीस.
तीस मिलिग्रॅम कुठे गेले म्हणून
देवाजी गाळणकागद खिडकीकडे धरून
अजून बघतोय.