एकोणसत्तर

धरणगावच्या बाहेर, जिनिंगच्या फाटकाशी
पत्र्याच्या केबिनमध्ये मी बसते.
समोर साठ टनांचा काटा, लाल आकडे.
गाडी चढते, आकडे धावतात,
जरा थरथरतात, थांबतात.
मी पावती फाडते.
भरलेली गाडी, मग रिकामी गाडी,
वजा जाता उरतो तो कापूस.

काउंटरखाली लॉ सीईटीचं पुस्तक,
कव्हरला सरकीची लव चिकटलेली.
रविवारी जिन बंद. याच खुर्चीत
मोबाईलवर घड्याळ लावून पूर्ण पेपर:
एकशेवीस प्रश्न, दोन तास.
एकोणसत्तर.
पुढच्या रविवारी सत्तर. मग अडुसष्ट.
मग परत एकोणसत्तर,
कुणी त्या आकड्याखाली पाचर मारून ठेवल्यासारखा.

मी पेपर वाढवले.
बुधवारी रात्री एक, मग एकाआड एक, मग रोज.
तेजल बडगुजरचा जळगावहून फोन,
"माझे शहाण्णव आले गं. तुझे?"
रेंज नाही, म्हणाले.
रेंज होती.

हंगाम संपत आला तेव्हा
हिलाल अण्णा फरदडीची ट्रॉली घेऊन आले.
काट्यानं सांगितलं वीस क्विंटल सत्तर.
"ताई, तुना काटा खोटा शे.
घर मोजीसन लयनू, पुरा बावीस शे!"
उतरवून परत चढवली. वीस सत्तर.
परत. वीस सत्तर.
मागे चार गाड्या हॉर्न मारतायत,
आणि अण्णा चौथ्यांदा स्टिअरिंग वळवतायत.
मी खिडकीतून ओरडले,
"अण्णा, कितीदाही चढवा,
काटा काही ट्रॉलीत कापूस घालत नाही!"

अण्णा शिव्या देत गेले.
(घरी ओला मोजला असणार. ओल उडाली वाटेत.)
मी मात्र पावतीपुस्तक हातात धरून
बराच वेळ माझंच वाक्य ऐकत राहिले.

त्या रात्री नवा पेपर सोडवला नाही.
जुने एकोणीस काढले.
फक्त चुकलेले प्रश्न,
रद्द पावत्यांच्या पाठीवर, एकेका पावतीवर एक:
काय टिकलं, का टिकलं.
का, हे लिहिताना पेन अडायचं.
चाळीसेक पावत्या झाल्या आणि दिसायला लागलं.

इंग्रजी बरं होतं. सामान्य ज्ञान जेमतेम.
गळती होती कायद्याच्या प्रश्नांत.
वर तत्त्व दिलेलं: स्वतःचं कुंपण मोडकं ठेवणाऱ्याला
भरपाई मागता येणार नाही.
खाली तथ्यं: शेजाऱ्याची शेळी, विधवेची मेथी.
आणि मी दर वेळी
मेथीचे पैसे विधवेला देऊन मोकळी.
तत्त्वात विधवा नव्हतीच.
दारूड्या भाडेकरूला हरवलं होतं मी, हक्क त्याचा असताना.
लहान पोराला सोडलं, माफी कुठेच लिहिलेली नसताना.
म्हणजे काट्यावर बोट होतं माझं.
दयेचं असेल, पण बोटच.

ते उचलायला तीन आठवडे लागले.
पावतीनं तथ्यं झाकायची,
तत्त्व आधी मोठ्यानं वाचायचं,
वॉचमन विचारायचा, ताई, कोणाशी भांडतेस?
पुढचा पेपर: चौसष्ट.
त्या रात्री जेवले नाही.
मग त्र्याहत्तर. मग एकदा बहात्तर.
मग अठ्ठ्याहत्तर, आणि मी आकडा दोनदा मोजला,
तिसऱ्यांदा मोजायचा मोह आवरला.

तेजलला मीच फोन केला.
तिचे एकशेएक झाले होते.
"छान," म्हणाले, आणि खरंच छान वाटलं, थोडं उशिरा.

विधवेला आता मी प्रश्नात काही देत नाही.
बरोबर पर्यायावर टिक करते, पुढे जाते.
पण तिची पावती इतरांबरोबर फेकली नाही.
पाठीवर पेन्सिलीनं एवढंच लिहून ठेवलंय:
कुंपण मोडलं कुणी?
ते तथ्यांत दिलेलं नव्हतं.