एवढ्या आत

खसबहून बोटीनं दोन-अडीच तास,
समुद्र बिघडला तर मग तास मोजायचे नाहीत.
रस्ता नाहीच. डोंगर उभेच्या उभे पाण्यात उतरलेले,
आणि त्यांच्या फटीत कुमझार.

मेळघाटात पोस्टिंग निघाली तेव्हा
वाशीमच्या ऑफिसात मी रडले होते.
"एवढ्या आत कोण जाईल?" हे माझंच वाक्य.
मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला होता.

आता इथे मी, सिस्टर वैजू ढोकणे,
दोन खाटा, लसींचा फ्रीज, एक जनरेटर.
करार साधा आहे:
तीन वर्षं पुरी केली की मस्कतची कंपनी
माझं शिक्षणाचं कर्ज, उरलेलं सगळं, भरणार.
मध्येच सोडलं तर एक पैसा नाही.
जामीनदार इंदुआत्या.
तिनं सही केली चष्मा न लावता,
"वाचून काय कळणारे," म्हणाली.

दवाखान्यात रेंज नाही.
धक्क्याच्या टोकाला एक दगड आहे, त्यावर चढलं की येते.
दर पाच तारखेला तिथे बँक मला म्हणते, प्रिय ग्राहक.
महिन्यातून एकदा का होईना, कुणीतरी प्रिय म्हणतं.

इथल्या शेळ्या वाळवलेली तारली खातात.
आईला सांगितलं तर म्हणाली, अगं, मग दुधाला वास?
मी कोरा चहा पिते हे सांगायचं राहिलं.

हुमैदच्या तळहातात गळ रुतला होता.
तो मागे ओढायचा नसतो,
पुढे ढकलायचा, टोक बाहेर काढायचं, काटा कापायचा,
मग उरलेली तार आपसूक निघते.
हे कॉलेजात शिकवलं नव्हतं, त्या फीमध्ये ते नव्हतं.
पोराच्या आजोबांनीच दाखवलं, माझा हात धरून.
संध्याकाळी दारात अख्खी सुरमई.
मी जन्मात मासा कापलेला नाही. मोझानं कापून दिला,
हसत, पोट धरून.

उन्हाळ्यात सगळं गाव खजुरासाठी खसबला जातं.
मागे मी, वॉचमन आणि शेळ्या.
रजिस्टरमध्ये रोज तारीख टाकायची, खाली रेघ.
चौसष्ट रेघा.
त्याही करारात धरल्या जातात.
झोप यायची नाही; कुणाचं तरी उचलून आणल्यासारखं वाटायचं.

परवा मोझा आली. चौथा संपला.
तिच्या भाषेतले मला चाळीस शब्द येतात,
त्यातले तीस दुखण्याचे.
वजन घेतलं, बीपी घेतलं, ठोके ऐकवले.
उठता उठता तिनं विचारलं, तुझं किती राहिलं?
मी तीन बोटं वर केली, खुशीतच.
तिनं आपली मोजली. पाच.
माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या.
तीन बोटं एकेक करून मिटली.
उरलेली दोन
तशीच धरून बसली माझ्यासमोर.