सातवा फर्मा

लिमात, ब्रेन्या भागात, चपलांच्या दुकानामागे,
खिडक्यांना पोती ठोकलेल्या खोलीत
मी सातवा फर्मा घडी घालते.
पान सत्त्याण्णव ते एकशे बारा.
बाकीचं पुस्तक माझं नाही.

वेष्टनावर सोनेरी अक्षरांत छापलंय :
जगभरात आठ कोटी प्रती.
आमच्या त्यात धरलेल्या नाहीत.
आमच्या मोजायला फक्त पोलीस येतात
आणि ते किलोवर मोजतात.

मालक बाल्तासार म्हणतो,
त्यानं लिहिलं, आपण छापलं, गरिबानं वाचलं,
ह्यात चोरी कुठली?
आयत्या बिळावरचा नागोबा.
पण शनिवारचा पगार शनिवारी देतो.

हाडाची पट्टी फिरते. एक घडी, दुसरी, तिसरी.
तीन घड्यांत सोळा पानं.
जूनपासून आभाळ गाढवाच्या पोटाच्या रंगाचं,
हवा ओली, खळ वाळता वाळत नाही,
आणि माझ्या नखांखाली कोणाची तरी गोष्ट काळी होऊन बसते.

नऊ वर्षं.
एकशे चारवर विहीर आहे, हे बोटांनाच कळतं.
एकशे सातवर तिचा भाऊ खोटं बोलतो.
एकशे दहावर ती कणीक मळते, मळतच राहते,
मला वाटतं लेखकालाही पुढचं सुचत नव्हतं.

सत्त्याण्णव अर्ध्या वाक्यातच सुरू होतं :
'उभा राहिला नाही, वळला नाही, तसाच गेला.'
कोण, ते सहाव्या फर्म्यात राहिलं.
आणि एकशे बारा संपतं :
'तिनं कडी काढली. दारात'

दारात.
पुढे कागदच नाही.

आठवा फर्मा तेओफिलाचा. माझ्या उजव्या हाताला बसते.
आयाकुचोच्या डोंगरातून आलेली,
तिला आकडे येतात, अक्षरं नाहीत.
एकदा विचारलं, दारात कोण गं?
तिनं एकशे तेरा दिव्यापाशी धरलं, म्हणाली,
बरीच माणसं दिसतायत बाई,
सगळी काळी, एकमेकांना चिकटून उभी.

मला वाकून वाचता आलं असतं.
हातभर तर अंतर.
पण त्या दारात मी इतक्यांना उभं करून ठेवलं होतं :
घरमालकीण, भाड्याची वही घेऊन,
मासळीचा वास येणारा माझा दीर,
कधी नुसताच समुद्राकडचा वारा,
आणि ओरेस्तेस, जो ला ओरोयाच्या खाणीवर गेला,
दोनदा पैसे पाठवले, मग नाही.
कधी बूट हातात घेऊन उभा,
कधी दाढी वाढलेला.
वाचलं असतं तर एक सोडून बाकी सगळ्यांना
हाकलावं लागलं असतं.

माझा एफ्राईन सिग्नलला पुस्तकं विकतो,
गळ्यापर्यंत चळत, वर हनुवटीचा दाब.
मागच्या महिन्यात एक बाई काच खाली करून ओरडली,
हे काय विकलंस मला?
एकशे बाराच्या पुढे परत सत्त्याण्णव!
गठ्ठा लावताना कोणीतरी चुकलं होतं.
माझा फर्मा दोनदा, तेओफिलाचा गायब,
अशा चाळीसेक प्रती गेल्या असतील.

एफ्राईननं ती परत आणली.
आम्ही हसून हसून बेजार झालो.
मग तो झोपला, मी सहज पान उलटलं,
आणि जे कोणी लिहिलंच नव्हतं ते वाचलं :

'तिनं कडी काढली. दारात
उभा राहिला नाही, वळला नाही, तसाच गेला.'

चहा निवला.
शेजारी कोणीतरी टीव्ही बंद केला.

चाळीस घरांत हे वाक्य आहे आता,
कोणी संतापलं असेल, कोणी फेकून दिलं असेल,
एखाद्या बाईनं कदाचित
तसंच ठेवलं असेल उशाशी.

सोमवारी नवं पुस्तक आलं. ह्याच्यावर अकरा कोटी.
बाल्तासार खुशीत होता, म्हणाला,
तू जुनी, तू पहिला फर्मा घे ह्या वेळी,
नावापासून, सुरुवातीपासून.

मी म्हटलं, नको.
मधलाच कुठलातरी द्या.