कारण

नैताम मॅडम डीपीपाशी आल्या तेव्हा
मी शिडीवर होतो, तोंडात टेस्टर.
खालूनच म्हणाल्या, "येसनकर भाऊ,
मंगळवारी रात्री अर्धा तास अंधार पाहिजे."

सतरा वर्षांच्या नोकरीत
लाईन मागायला सगळेच आले,
गव्हाला पाणी धरलेले, मांडववाले, चक्कीवाले.
अंधार मागायला कुणी आलं नव्हतं.

"काहून?"
"लेकरांना गुरू दाखवायचा आहे.
चौकात हायमास्ट लागला
तेव्हापासून शाळेवरून आभाळच दिसत नाही."

थकबाकीच्या पैशातून दुर्बीण घेतलेली बाईंनी.
टपरीवर, चहा निवेपर्यंत मलाच पहिला धडा :
तारा लुकलुकतो, ग्रह लुकलुकत नाही.
म्हटलं, म्हणजे ग्रहाचं व्होल्टेज बरं.
तर म्हणाल्या, ग्रहाला स्वतःचा सप्लायच नसतो,
सगळा उजेड सूर्याचा.
"म्हणजे आकडा टाकला म्हणा!"
बाई हसल्या. "हो. चंद्रानेही."
"आन आपण?"
"आपणही, भाऊ. गुरूवरून कुणी पाहिलं
तर आपणही आकड्यावरच चमकताना दिसू."
ज्यांच्या तारा मी दर महिन्याला काठीने ओढून काढतो
ते तिघेजण शेजारच्याच बाकावर भजी खात होते.

मंगळवार. अवसेला दोन दिवस.
नऊला मी एबी स्विच पाडला.

आधी टीव्ही मेले, मग पंप,
मग माझ्या आईच्या नावाने एक शिवी
पलीकडच्या आळीतून आली आणि विरली.
नाल्याकाठी मी एकटा, डोळे उघडे की मिटले कळेना.
आणि मग हळूहळू,
जुन्या ट्यूबलाईटसारखं चाचपडत,
वरचं सगळं लागलं.

शाळेच्या गच्चीवर लटारी बुढा पोरांना सांगत होता,
अंधारात आवाज कोसभर जातो :
"थे पाहा, बाज आली वर.
तीन चोर अजून झाडामागं हायेत.
येतीन. बाज सोडून जातात कुठं!"
मॅडम त्यालाच सप्तर्षी म्हणाल्या.
बुढा म्हणाला, "म्हना बापा. बाज माह्या आजीनं दाखवली व्हती."

तिकांड्याखाली व्याध भडकलेला.
त्याचा उजेड म्हणे साडेआठ वर्षांपूर्वी निघाला,
सुगंधा जन्मली त्या साली.
मी हिशेब लावत बसलो :
समजा तिथली लाईन आज संध्याकाळीच गेली असेल
तर तक्रार माझ्याकडे येईपर्यंत
ही पोरगी कॉलेजात.

तेवढ्यात गच्चीवर कल्ला,
"मॅडम, गुरू पळाला! दुर्बिणीतून पळाला!"
आणि बाईंचा आवाज, शांत,
हजेरी घेतल्यासारखा :
"गुरू नाही पळाला. आपण फिरलो."

मी खांब धरला.

फोन वाजला. साहेब.
"येसनकर, गाव अंधारात आहे म्हणतात. काय झालं?"
मी वर बघत होतो.
"पाहून राह्यलो, साहेब."
"लवकर पाहा."
"हाव."

साडेनऊला स्विच चढवला.
घराघरांतून ओरडा उठला : आली!
त्याच क्षणी गच्चीवरून, सगळी लेकरं एका तोंडाने :
गेली!

दुर्बिणीला माझा डोळा लागलाच नाही.
एक हात हँडलवर, एक फोनवर,
आणि नंतर मॅडमनी ती डब्यात भरली,
पोरं झोपेला आलेली.
घरी जाताना कॅनॉलच्या पुलावर
गाडी थांबवली, हेडलाईट बंद केला.
एकच तेवढा हलत नव्हता, लुकलुकत नव्हता,
बिनमीटरचा, निवांत.
चार चंद्र आहेत म्हणे त्याला.
पोरांनी मोजले, मी ऐकले.

सकाळी रजिस्टर उघडलं.
वेळ : ९ ते ९.३०.
कारणाच्या रकान्यात नेहमीसारखं
"झाडाची फांदी" लिहायला घेतलं
आणि "झा" वरच पेन थांबला.
रकाना तसाच आहे अजून.
तपासणीला कुणी आलं
तर विचारतील.