आवाज देणारा

बुधवारी चारला विगांतस येतो.
न सांगता बूट दारात काढतो
आणि नदीकडच्या खुर्चीत बसतो.
खिडकीतून नेमुनासवर बर्फाचे तुकडे वाहताना दिसतात.
त्यांच्याकडे बघत बोललं की
माझ्याकडे बघावं लागत नाही.

एकतीस वर्षं तो परक्या सिनेमांना आवाज देतोय.
आमच्याकडे एकच माणूस सगळ्यांचं बोलतो,
खुन्याचं, न्यायाधीशाचं, बाळंतिणीचं.
मूळ आवाज मागे पुसट चालू राहतात,
भिंतीपलीकडच्या भांडणासारखे.
काउनासमधली निम्मी घरं
त्याच्या आवाजात झोपी गेलीत.
मलाही तो पहिल्या दिवशी ओळखीचा वाटला
आणि मी ते लपवलं.

'आईच्या दफनाला मी बोललो,' तो म्हणाला,
'छान बोललो. बाया रडल्या.
घरी येऊन कोट काढताना लक्षात आलं,
तिसरं वाक्य एका जहाजाच्या कप्तानाचं होतं.
पाचवं कुणाचं, ते अजून सापडत नाही.'

मी विचारलं, 'आणि तुमचं?'
तो हसला. हसूही तयार होतं.

सल्ला माझ्याकडे नसतो.
दोन खुर्च्या असतात, एक घड्याळ
आणि पन्नास मिनिटं,
जी संपणार हे दोघांनाही माहीत असतं.
तेवढ्या एका गोष्टीपुरती ही खोली खरी.

जानेवारी गेला. फेब्रुवारीत तो चिडला,
'तुम्ही काहीच करत नाही.
नुसतं हं, हं.'
माझे कान तापले.
कारण ते 'हं'सुद्धा माझं नाही,
माझ्या शिक्षिकेचं आहे. बाई गेल्या,
त्यांचं 'हं' माझ्या घशात राहिलं.
हे मी त्याला सांगून टाकलं. सांगायचं नव्हतं.
पहिल्यांदाच त्यानं नदीवरची नजर काढली
आणि मला पाहिलं.

रेडिएटरमध्ये पाणी खळखळलं.
खाली कुणीतरी फावड्यानं रस्ता खरवडत होतं.
आमच्या भाषेत 'मी'ला 'अश' म्हणतात.
दीड अक्षर. फुंकरीएवढं.
तो म्हणाला, 'अ…'
आणि अडकला.
'अ… अ…'
मान ताणलेली, डोळे घट्ट मिटलेले,
फळ्यासमोर उभं केलेलं पोर जसं.
(लहानपणी तो अडखळायचा, हे मला नंतर कळलं.
दुसऱ्याची वाक्यं बोलताना अडत नाही
हा शोध त्याला नवव्या वर्षी लागला.
तिथेच त्यानं मुक्काम ठोकला.)

शब्द माझ्या ओठांवर तयार होता.
मी तो त्याला दिला नाही.
याहून अवघड काम मी अजून केलेलं नाही.

'अश' पुरा झाला तेव्हा
पन्नास मिनिटं उलटून गेली होती.
पुढचं वाक्य त्या दिवशी आलंच नाही.
त्यानं बूट चढवले,
एक नाडी तशीच सुटी ठेवून जिना उतरला.

परवा रात्री टीव्ही लावला.
कुठलासा जुना सिनेमा, वाळवंट, गोळीबार.
विगांतस तिघांच्या वतीनं मेला, सफाईनं.
चौथ्याच्या आधी
त्यानं श्वास घेतला.
लांब, जरा खरखरीत,
कुणीही लिहून न दिलेला.

मी आवाज वाढवला.